पोत्यांचं झालं एक पान

ती घटना आठवली की मला आधी छापील कागदांनी भरलेली पोती दिसतात, आणि हसू येतं. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात भरती परीक्षेचे गुण संगणकात शिरून कोणीतरी बदलले होते. तपास माझ्याकडे आला आणि पाठोपाठ निनावी फोन. "नेटवर्क वाली ठेके की लड़की रोज सबके कंप्यूटर में झाँकती है, साहब."

खबर खोटी नव्हती. नेटवर्क सांभाळणाऱ्या त्या कंत्राटी मुलीला चौकशीला बोलावलं. ती हिंदीत जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, बाहेरच्या बाकावरून माझ्याशी वऱ्हाडीत भांडले. "काहून आणलं माह्या पोरीले? चोर हाय काय ते?" मीही मराठीत उत्तर दिलं, तेव्हा पोरगी मोकळी झाली.

"साहेब, रोज हरेक मशीनचं दार वाजवून पाहावं लागते, कोणतं उघडं हाय ते. त्याले स्कॅन म्हणते. कामच हाय माह्यं."

"मग चोर कसा दिसला नाही?"

"त्याच्या नोंदी, म्हंजे लॉग, इतके येते का वाचाले कोणाले फुरसत नाही."

आम्हा पोलिसांना कागद हातात आल्याशिवाय पुरावा वाटत नाही. मी त्या साऱ्या नोंदी छापून घेतल्या, पानापानावर पंचांच्या सह्या घेतल्या. पंच वैतागले, हवालदार डुलक्या घेऊ लागले, हाती भोपळा. जिकडेतिकडे तिच्याच मशीनचं नाव. अटकेचा कागद तयार होता. अटक झाली असती तर या शहरात तिला पुन्हा संगणकाला हात कोणी लावू दिला नसता.

तेव्हा ती म्हणाली, "मी एक छोटा प्रोग्राम बनवला हाय. रोज सारखं दिसते ते बाजूले काढते, बदललं तेवढंच दाखवते. पण कॉपीवर चालवा, असली लॉगले हात नका लावू. अन् मी नाही, तुमचाच माणूस चालवन."

संशयितच असं बोलायला लागला की ऐकावं. सायबर शाखेने जप्त नोंदींच्या प्रतीवर तो चालवला. पोत्यांचं एक पान झालं. ते मुळाशी ताडून पाहिलं, चोख होतं. सभागृहातल्या प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता रोज तोच, पण काही संध्याकाळी त्या पत्त्यावर दारं वेगळीच उघडी. कोणीतरी प्रिंटरची वायर काढून तिथे आपला लॅपटॉप लावत होतं. गुण बदलले तेही त्या त्या दिवशीच.

नवा रायपुरात कार्यालय सुटलं की रायपूरला जाणारी स्टाफची बस गाठायची, नाहीतर अडकून पडायचं. सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे होती त्या पर्यवेक्षकाला विचारलं, त्या त्या दिवशी घरी कसे गेलात?

"बस से साहब, रोज की तरह."

बसचालकाला बोलावलं. तो छत्तीसगढीत म्हणाला, "नइ साहब, ओ दिन मन म कार लाय रिहिस. मोला कहे, झन अगोर." म्हणजे, त्या दिवशी ते कार घेऊन यायचे आणि सांगायचे, माझी वाट पाहू नकोस. फाटकावरच्या कॅमेऱ्यातही कार दिसली. पर्यवेक्षकाने पाणी मागितलं, घोटभर प्यायला आणि सगळं कबूल केलं. तो निनावी फोनही त्याचाच होता.

नोकरीभर मी पुरावे गोळा करत आलो. काय बाजूला काढावं, आणि बाजूला काढलेलंही कसं जपून ठेवावं, हे मला त्या पोरीने शिकवलं.

संध्याकाळी वडील दारात आले. आवाज खाली आला होता. "साहेब, नेऊ काय पोरीले?"

"न्या. पण सोमवारी परत पाठवा."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "आता काहून?"

"आमच्या लोकांना शिकवायला."

सोमवारी ती आली. पहिल्या बाकावर मी बसलो होतो.