बाई उठल्या की

माझं मेडिकलचं दुकान जालन्यात, एका प्रसूतिगृहाच्या आतच आहे. समोर रिपोर्टची खिडकी आणि खिडकीमागे रिपोर्ट देणाऱ्या बाई. बाळात काही जनुकीय दोष आहे का, हे बघायला गरोदर बायकांचं रक्त आता सर्रास तपासतात. रिपोर्ट चांगला असला की बाई तो बसल्या जागेवरून सरकवायच्या. "बराबर आहे, मॅडमला दाखवून घ्या." शंका असली तर मात्र गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, बाहेर येऊन शेजारी बसायच्या.

बायकांनीही हे ओळखलं होतं. एकदा बाई नुसत्या पंखा लावायला उठल्या, तर टेंभुर्णीची एक पोरगी रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवसापासून बाई प्रत्येक रिपोर्ट बाहेर येऊन द्यायला लागल्या. "गुडघे दुखतील," मी म्हणालो.

"दुखू द्या. बायका माझ्या उठण्यावरून रिपोर्ट वाचून राह्यल्या."

मागच्या महिन्यात माझ्या मुलीचा रिपोर्ट आला. ती समोर बाकावर बसली होती. मी औषधं देता देता खिडकीकडे बघत होतो. बाई उठल्या, बाहेर आल्या, तिच्या शेजारी बसल्या. रिपोर्ट चांगला की वाईट, मला काहीच कळेना. त्या घडीला मला त्यांचा फार राग आला.