मी लिहून घेतलेली हमी

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. चोरी नाही, खून नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी आजही आठवते आणि माझाच राग येतो.

अकोला जिल्ह्यात पातूरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत होतो, तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, झेंडूवाल्याच्या मळ्यात बाटवाबाटवी चालू आहे म्हणतात. पोरं जमून राहिली. लवकर या."

दोन शिपाई घेऊन पोहोचलो. मळ्यात टिनाची खोली. आत बाजेवर अर्धांगवायूने पडलेला शेतकरी, उशाशी त्याची बायको आणि अमरावतीहून आलेली चार माणसं. येशूची प्रार्थना चालली होती. नवऱ्याला कुठे नेता येत नाही, म्हणून घरातच. बाहेर तीसेक तरुण आणि सगळ्यांच्या पुढे बाईचा सख्खा दीर. त्याची लेखी तक्रार तयारच होती: आमिष दाखवून धर्मांतर. खाली सात सह्या.

नवऱ्यापाशी शेजारीण बसवली आणि बाकीच्यांना ठाण्यात आणलं. सह्या करणाऱ्यांना एकेकट्याला आत घेतलं. माझी जुनी पद्धत, आधी चहा आणि मग एकच प्रश्न: "तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं?" पहिल्याने दुसऱ्याकडून ऐकलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. पाहिलं कोणीच नव्हतं. शेवटी दीर आला. तासभर 'आमिष, आमिष' करत राहिला. मी विचारलं, "काय दिलं, कोणी दिलं, कधी दिलं?" तेव्हा कुठे त्याची मान खाली गेली.

"कोणी काई नाही दिलं, साहेब. वहिनीच्या मनानंच चालू आहे. पण नवरात्रात देवीले पहिला हार आमच्या घरचा असते, आजोबापासून. आता लोक म्हणतात, बाटलेल्या हातचा हार देवीले चालत नाही. मी गावात तोंड कसं दाखवू?"

घ्या! सात सह्यांचं प्रकरण एवढंच होतं. दिराची लाज खरी होती, तक्रार खोटी होती.

कायदा इथे सरळ होता. कोणता देव मानायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, तो हक्क घटनेने दिला आहे. जमाव जमवणाऱ्यांना तंबी द्यायची आणि बाईला संरक्षण, एवढंच माझं काम. पण नवरात्राचा बंदोबस्त तोंडावर आणि माणसं अपुरी. तीस पोरांना आवरण्यापेक्षा एका बाईला आवरणं सोपं. आम्ही पोलीस असंच करतो, लपवू कशाला? ठाण्याची लिखापढी करणाऱ्या रायटरला सांगितलं, "बाईकडून हमी घ्या. घरात प्रार्थना करणार नाही, असं लिहा."

बाई म्हणाली, "साहेब, खोटं ते बोलले. मंग कागद माह्याकडून काऊन लिहून घेऊन राहिले?"

"तुमच्याच भल्याचं आहे," मी म्हणालो.

तिने सही केली. गाव शांत झालं. 'परिस्थिती कौशल्याने हाताळली,' असा वरिष्ठांचा शेरा आला आणि मी खूश झालो.

उन्हाळ्यात त्या रस्त्याने जाताना मळ्याशी गाडी थांबवली. नवरा महिन्यापूर्वी गेला होता. बाई वाफ्यातलं गवत काढत होती. मी विचारपूस केली, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"शेवटी त्याईले बोलता येत नव्हतं. खुणेनं सांगत, प्रार्थना म्हण. तीन दिवस सांगत होते. मी नाही म्हटली."

"अहो, का?"

तिने वर पाहिलं. "सही केली होती नं, साहेब."

मी मागे वळलो. गाडीत जाऊन बसलो.

पुढे नव्या फौजदारांना मी सांगत आलो की बाबांनो, शांततेचा कागद कोणाकडून लिहून घेता ते आधी बघा. दंगा करणारा मोकळा आणि सोसणाऱ्याची सही, असं करू नका. पोरं मान डोलावतात. पण पुढचं मात्र कोणाला सांगायचं धाडस मला झालं नाही. त्या हमीला कायद्याचा काडीचाही आधार नव्हता. तिने दुसऱ्याच दिवशी मोठ्याने प्रार्थना म्हटली असती, तरी मी तिचं काही वाकडं करू शकलो नसतो. सही घेताना हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.