आप्पांच्या फियाटचा गचका

मंडळी, आज आप्पांची फियाट एकदाची सुधारली! ॲक्सिलरेटर दाबला की गचके खायची. आप्पा होते तोवर हात लावू देत नव्हते. "चालतीय ना? मग झालं!"

इंजिनात ठिणगी उशिरा पडत होती. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून टायमिंग बसवलं आणि येडगावात चक्कर मारली. एक गचका नाय, राव!

घरात शिरलो तर आई दचकली. "आरं, कवा आलास?"

"गाडी ऐकू आली न्हाई?"

"आली, पण आपली वाटली न्हाई. तुझं आप्पा वळणावर आलं की गाडी खोकायची, मग मी चहा ठेवायची."

पाना खिशात घेऊन नारायणगावच्या सायबर कॅफेत बसलोय. सांगा, टायमिंग राहू देऊ, का परत मागं फिरवू?