घेऊ की थांबू

माझ्या सासऱ्यांनी वर्तमानपत्रातल्या मोटारीच्या जाहिरातीत, गाडीवरच्या निळ्या आभाळात, लाल पेन्सिलीने चूक काढली होती. मी ते बघितलं आणि हसलो. हसलो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी कच्ची पानं तपासायची, चुका काढायच्या. छत्तीस वर्षं एवढंच केलं. तिथे त्यांना सगळे 'रफार' म्हणत, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसत. निवृत्त झाल्यावर बसायला डोकी उरली नाहीत, म्हणून रोज सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून पेपर तपासायचे. एखादी वेलांटी चुकली की संपादकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या रविवारी मी सहज गेलो होतो. एक जाहिरात बघायची होती म्हणून त्यांच्या मांडीवरचा पेपर उचलला. आभाळात एक गोल. समासात दोन. दोन रकान्यांमधल्या कोऱ्या पट्टीत एक काट. आणि ज्या शब्दांवर खुणा पडल्या होत्या, ते शब्द बिनचूक होते.

"बाबा, आता कोऱ्या कागदातही चुका सापडायला लागल्या का?" मी विचारलं.

स्वयंपाकघरात सासूबाई भांडी विसळत होत्या, तो नळ बंद झाला.

"सांगून टाका आता," त्या दारात येऊन म्हणाल्या. "किती दिवस नाटक करणार?"

सासऱ्यांनी पेन्सिल खिशाला लावली. "जावईबापू, आठ महिने झाले. कडेचं सगळं दिसतं, मधलं जातं. आत्ता तुमच्याकडे बघतोय ना, तर तुमचे कान दिसतात. तोंड नाही. शब्दाकडे बघितलं की शब्दच नाहीसा होतो. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. लेकीला कळू नये म्हणून पेपर घेऊन बसतो."

मी समोरच्या स्टुलावर बसलो, त्या स्टुलावर इस्त्रीचे कपडे होते हेसुद्धा मला कळलं नाही. आठ महिने मी दर रविवारी या घरात येत होतो, जेवत होतो, आणि हा माणूस माझ्या कानांशी बोलत होता.

पण खरा धक्का तो नव्हता. तो सासूबाईंनी दिला, आणि तोही अगदी साध्या आवाजात. "ते यंत्र तेव्हा घेतलं असतं तर वर्ष-सव्वा वर्ष तरी वाचून झालं असतं हो."

ते यंत्र म्हणजे ई-बुक रीडर. आता मला माझ्याविषयी बोलणं भाग आहे. मी झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतो, त्यामुळे अख्ख्या नात्यात मी तज्ज्ञ. कुणाला काही घ्यायचं असलं की मला विचारतात, घेऊ की थांबू? आणि मी सांगतो, थांबा. नवीन येतंय, हे जुनं होईल, ते स्वस्त होईल. फ्रिज घ्यायला मी चार वर्षं लावली. बायको म्हणते, लग्नाच्या वेळी कसे नाही थांबलात, माझीसुद्धा पुढची आवृत्ती निघाली असती.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी मला विचारलं होतं. मला तो दिवस लख्ख आठवतो, नसता आठवला तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "त्यात अक्षरं मोठी करता येतात ना?" मी म्हणालो, "अक्षरं होतात हो मोठी, त्यात काय, पण बॅटरी बघा, स्क्रीन बघा, सहा महिन्यांत नवीन येतंय." अकलेचे तारे तोडले नुसते. सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा रंगीत येणार होतं. आणखी सहा महिन्यांनी दुसरं काही. त्या माणसाला फक्त मोठी अक्षरं हवी होती आणि मी त्याला बॅटरी समजावत बसलो.

"पण डोळ्यांचं बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. राग माझा मला आला होता, निघाला त्यांच्यावर.

"तेव्हा थोडंच अंधुक होतं," ते म्हणाले. "सहा महिने काढू म्हटलं. त्यातलं तुम्हाला कळतं."

आणि त्यांना वाचायचं काय होतं? एकच कादंबरी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती छापखान्यात आली होती. घाई होती, म्हणून फोरमनने पानं वाटून दिली: विषम पानं सासऱ्यांना, सम पानं शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याला. एक, तीन, पाच, असं करत सासऱ्यांनी अर्धी कादंबरी तपासली. शेवटचं पान सम होतं, ते सोबत्याकडे गेलं. कादंबरीत एका विधवेचा मुलगा बोटीवर नोकरीला जातो. सासऱ्यांच्या शेवटच्या पानावर पोस्टमन तार घेऊन येतो, बाई ती हातात घेते आणि पान संपतं.

"मग त्या सोबत्याला विचारायचं ना, तारेत काय होतं," मी म्हणालो.

"विचारलं. तो म्हणाला, दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार."

त्याचंही काही चुकलं नाही. हे लोक मजकुराच्या अर्थात गुंतू नये म्हणून शेवटच्या शब्दापासून उलटं तपासत. सासरे तेवढे चोरून सुलटं वाचायचे. पुढे पुस्तक मिळालं नाही, मिळालं तेव्हा दिवसभर वाचून डोळे इतके विटलेले असायचे की घरी आलेलं पत्रसुद्धा सासूबाई वाचून दाखवत. निवृत्तीनंतर वाचनालयातली प्रत आणली, तर अक्षरं मुंगीएवढी. आणि मग कुणीतरी सांगितलं की ती आता यंत्रावर मिळते.

"माझ्या मनात तो मुलगा कधीच परत आलाय," सासरे म्हणाले. "फक्त छापलेलं बघायचं होतं."

मी तसाच उठून दुकानात गेलो. दुकानदार काउंटरवर डबा ठेवत म्हणाला, "साहेब, घाई नसेल तर महिनाभर थांबा, नवीन येतंय." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. बिचाऱ्याने न मागता कव्हर फुकट दिलं.

घरी येऊन कादंबरी उतरवून घेतली आणि अक्षरं होतील तितकी मोठी केली. पडद्यावर जेमतेम पाच शब्द मावले. सासऱ्यांनी यंत्र डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. सासूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पाच मिनिटांनी सासरे म्हणाले, "पहिलं अक्षर 'त' असावं." ते 'न' होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवा. पान दोन काढा. विषम मला येतात."

मी पान दोन शोधायला लागलो आणि माझी पाचावर धारण बसली. यंत्रात तसं पान दोन नव्हतंच. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, लहान केलं की कमी होतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते आ वासून माझ्या कानांकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं ज्या माणसाने पानाशिवाय काही ओळखलं नाही, त्याला मी सांगत होतो की पान ही वस्तूच उरलेली नाही.

शेवटी पहिल्यापासून सुरुवात केली. मी रोज कामावरून सरळ त्यांच्याकडे जायचो, तासभर वाचायचो. थोडं वाचून झालं की ते हात वर करायचे. "हे माझं. सोडा." मग त्या पानाचा शेवटचा शब्द सांगायचे, मी तो शोधायचो आणि तिथून पुढे. त्यांचा शब्द एकदाही चुकला नाही. मध्येच दटावायचेही, "तुम्ही दीर्घ ऱ्हस्वासारखा वाचता, शाळेत मास्तर झोपायचे का?" बायकोला एव्हाना सगळं कळलं होतं. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी माझ्याशी भांडली, मग शेजारी येऊन ऐकत बसायला लागली. सहाव्या आठवड्यात पोस्टमन आला. हे पान त्यांचं असूनही त्यांनी सोडायला लावलं नाही.

"ही ओळ माझी शेवटची," सासरे म्हणाले आणि खुर्चीत पुढे सरकले. बायको सासूबाईंबरोबर बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघंच.

मी पडद्यावर पुढची ओळ मनात वाचली. मग परत वाचली. तार बोटीच्या कंपनीची होती. मुलगा वादळात गेला होता, प्रेतही मिळालं नव्हतं. त्याखाली अर्धं पान, आणि कादंबरी संपली.

"वाचा ना."

"'आई, गुरुवारी येतो,'" मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मग थांबता येईना. बाईने तार उशीखाली ठेवली, गुरुवारी तो आला, दारातून हाक मारली, असं काहीबाही मी माझ्या पदरचं बोलत गेलो. आयुष्यात मी दोन ओळींच्या वर कधी काही लिहिलेलं नाही. सुचेनासं झालं तेव्हा थांबलो.

सासरे खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "शेवटच्या पानाला भाषा जरा ढिली पडलीय. सोबत्याने लक्ष द्यायला हवं होतं."

मी होय म्हणालो.

"'येतो' कुठे लिहिलंय? बोट ठेवा त्यावर."

मी बोट ठेवलं. माझ्या बोटाखाली 'वादळ' होतं. त्यांनी माझा हात चाचपत बोटापर्यंत येऊन आपलं बोट त्याच्या शेजारी टेकवलं आणि मान वाकडी करून खूप वेळ बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर एक स्वल्पविरामसुद्धा सोडला नव्हता.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणार."