हात वर करून निवडलेला माणूस

कुवेतमध्ये मीना अब्दुल्लातल्या रिफायनरीच्या कामावर मी सेफ्टी ऑफिसर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंत्राटदार कंपनीनं कामगार समिती काढली आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक केली. मी खूश झालो. आमचे अण्णा साखर कारखान्यात युनियनचं काम करायचे. वाटलं, हे आपल्या घरातलंच काम.

वेल्डिंग तपासणाऱ्या बाईंना नेमणुकीचं पत्र दाखवलं. त्या रुमानियाच्या, साठीच्या. तरुणपणी तिथं ट्रॅक्टरच्या कारखान्यात होत्या.

"तुला निवडलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजरनं."

"आमच्याकडेही तसंच होतं. कम्युनिस्टांच्या राज्यात युनियनचा सेक्रेटरी पक्ष ठरवायचा. तो समुद्रकाठच्या सुट्टीच्या चिठ्ठ्या वाटायचा आणि तक्रारी खिशात ठेवायचा. ते राज्य गेलं. आम्ही मतं देऊन आमचा माणूस आणला. पुढं जुन्या पक्षातलीच माणसं नवं नाव घेऊन सत्तेवर आली, आणि आमचा माणूस त्यांच्या तिकिटावर खासदार झाला. कारखाना विकला तेव्हा त्या कागदावर आमच्या युनियनची सही होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दुसरी युनियन काढली. कारखाना नाही वाचला. पण माझ्या पाळीतल्या प्रत्येकीला दुसरीकडे काम मिळेपर्यंत आम्ही फाटक सोडलं नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, "समितीत बसेन, पण माणसांना विचारून." त्याला समितीचा कागद हवा होता, नाव कोणाचंही चाललं असतं. "विचारा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होण्याआधी मी सगळ्यांना नावं सुचवायला आणि हात वर करायला सांगितलं. माझ्यासाठी नऊ हात वर झाले. बाकी सगळे तेलंगणच्या एका परांची बांधणाऱ्यासाठी.

त्यानं नंतर मला बाजूला घेतलं. "साब, आप अच्छे हो. लेकिन आप हमारी बस में नहीं आते."

खरंच होतं ते. मी माझ्या गाडीनं यायचो, ते जलीबच्या कामगार वस्तीतून कंपनीच्या बसनं. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगितलं की बसचा एसी उन्हाळाभर बंद आहे आणि माणसं कामावर पोचतात तीच चक्कर येऊन. चार वर्षं सेफ्टी बघत होतो, मला पत्ता नव्हता. पंधरा दिवसांत दुसरी बस आली.

बैठकीचं टिपण मी इंग्रजीत लिहितो. तो ते माझ्याकडून हिंदीत वाचून घेतो, एखाददुसरं वाक्य बदलायला लावतो, आणि मगच सही करतो.