माह्या टांगेतली लाईट

त्या दिवशी घरात आमी चौघं व्हतो: मी, माही सासू, माहा नवरा अन् जेठानी, म्हंजे मोठी जाऊ. डाक्तर मंग मंगरूळपीरले भेटला, त्याले धरून पाच.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट हाये. आदल्या दिवशी ननंदेचं लगन झालं. साऱ्या पंगतीचं पानी मीच इहिरीवरून वाह्यलं. सांजच्याले भूक अशी लागली का बुंदीवर तुटूनच पडली. घरचीच बुंदी, कोन सोडते? पोट तट्ट फुगेवर खाल्लं अन् झोपली.

सकाळी उठाले गेली तं पाय उठेच ना. हात बी जड. डोकं साफ, तोंड तं लयच चालू.

सासू म्हने, "भांडे घासाचे दिसले का सोंग येते इले." अन् मांडीले असा चिमटा घेतला का मी बोंबलली.

"पाह्यलं? पाय मेले असते तं दुखलं असतं का? नेऊन टाक इले माहेरी. पांगळी सून मले कायले पाह्यजे?"

दुखलं तं खरंच व्हतं. आता काय सांगाव? माहेरी मायबाप दोघंई मेलेले, अन् भावजय मले धडधाकट असतानी उभं करे ना, पांगळीले काय करन?

जेठानी म्हने, "आत्याबाई, आधी डाक्तरले तं दाखवा. माहेर काय पळून चाललं?"

नवऱ्यानं उचलून बैलगाडीत टाकली अन् मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेली. डाक्तरनं गुडघ्यावर बारकी हातोडी मारली. पाय ढिम्म. मले वाटलं, हा बी सासूच्याच बाजूचा दिसते.

पन तो म्हने, "बाई, आपल्या हातापायाच्या मासात बारीक बारीक दारं असतात. अंगातल्या विजेनं ते उघडतात, तवा पाय हालते. रक्तातला एक क्षार उतरला का दारं अटकून बसतात. लय मेहनत, वरून गोड, मंग झोप, त्याच्यानं तुमचा क्षार उतरला. चिमट्याची खबर नेनाऱ्या नसा येगळ्या, त्या चांगल्या हायेत. म्हनून दुखलं. सोंग नाही हे."

मी म्हनलं, "डाक्तरसाहेब, आमच्या गावात अजून लाईट नाही, अन् माह्या टांगेत कुठून आली जी?"

नवरा लाजला, डाक्तर हासला. मंग त्यानं खारट-कडू औषध पाजलं. म्हशीचं मूत मी काई पेली नाही, पन तसंच असन. दुपारून अंगठा हालला. दिवस बुडाच्या आत मी आपल्या पायानं गाडीत चढली.

नवऱ्यानं घरी सारं सांगतलं. सासू म्हने, "मले काय मालूम, मासात दारं असतात म्हून?" माफी काई मांगली नाही बुढीनं. पन माहेरचं नाव मरेवर काढलं नाही.

हे जो कोनी वाचन, त्यानं एवढंच करा: घरची राबनारी बाई एखाद्या सकाळी उठली नाही, तं तिले सोंगाडी म्हनू नका. पयले दवाखान्यात न्या.