यात्रेच्या आठवड्यातलं बेट

विंझरच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर भारताचा नकाशा काढून झाला की केरळच्या डाव्या हाताला खडूनं पाच-सहा ठिपके द्यायचे आणि सांगायचं, ही लक्षद्वीप बेटं, ही प्रवाळाची आहेत. प्रवाळ म्हणजे काय असं कुणी विचारलं की पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमी सोता बघितलंय का?" मी म्हटलं, हे परीक्षेत येत नाही. उत्तर काही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी एसटीनं घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग येत राहिला.

निवृत्त झाल्यावर जो भेटेल तो विचारायचा, आता काशी का चारधाम? विंझरच्या पुढं आमची वाडी. तिथं बाईमाणसानं प्रवास करायचा तो देवाच्या नावानं किंवा दवाखान्याच्या. मी दोन्हीला नाही म्हटलं. माझी लेक पुण्यात नोकरी करते, तिला फोन करून सांगितलं, मला लक्षद्वीपला जायचंय आणि पाण्यात तोंड घालून प्रवाळ बघायचंय. ती म्हणाली, आई, त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात, आणि मी पण येते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं फोनवर नियोजन सुरू झालं. लेकीला चांगलं हॉटेल हवं होतं, समोर वाळू, बाजूला झोपाळा. मी म्हटलं, झोपाळा आपल्या ओसरीवर आहे, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? मला माणसांच्या घरात राहायचं होतं. ती मासळी कशी सुकवतात, काथ्या कसा वळतात, भाताला पाणी किती घालतात, हे बघायचं होतं. खूप शोधाशोध करून लेकीनं एका लहान बेटावर एक घर मिळवलं. घरमालकीण माझ्याच वयाची. तिचं हिंदी मोडकं आणि माझं त्याहून, त्यामुळे आमचं फोनवर छान जमलं. तुमच्याकडे समुद्र किती लांब, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मध्ये सगळा सह्याद्री आहे. मग तिनं भाताचं विचारलं. मी म्हटलं, आमचा इंद्रायणी घेऊन येते, तू शिजव. ती म्हणाली, चालेल, मासा माझा.

त्या बेटांबद्दल हाती लागेल ते वाचत होते. तिथल्या जुन्या घराण्यांत घर आईकडून लेकीकडं जातं आणि लग्न झाल्यावरही बाई आपल्याच घरात राहते, हे वाचलं आणि मी ते रात्रीच्या जेवणात सांगून टाकलं. आमच्या घरात धाकटे दीर आणि जाऊ माझ्याबरोबर राहतात. माझे मालक गेल्याला सात वर्षं झाली. दिरांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला तो तसाच राहिला. मग ते म्हणाले, तिकडचं तिकडं. जाऊ मात्र मला अजून वाढू का, असं दोनदा विचारून गेली.

त्या बेटांवर जायला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. माझं वय अठ्ठावन्न, आणि चारित्र्याचा दाखला! मी मुद्दाम इरकली लुगडं नेसून गेले. टेबलामागचा हवालदार माझा विद्यार्थी निघाला, भूगोलात कच्चा. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली आणि अर्ज वाचून म्हणाला, "बाई, त्या बेटावर कुठला देव हाय?" मी म्हटलं, देव नाही, मासे आहेत. कारणाच्या रकान्यात त्यानं पर्यटन लिहिलं.

पोहण्याची मला धास्ती नव्हती. माझं माहेर पासलीचं. लहानपणी पाठीला वाळलेले भोपळे बांधून भावांच्या मागं नदीच्या डोहात उडी मारलेली, न्हाण येईपर्यंत मी डोहातच असायचे. पुढं ते बंद झालं ते झालंच. लेकीनं पाठवलेला काचेचा चष्मा आणि तोंडात धरायची नळी आली तेव्हा मी सरळ आमच्या रानातल्या विहिरीवर गेले. पंजाबी ड्रेस घातला, कमरेला कासरा बांधला, कासऱ्याचं दुसरं टोक जावेच्या हातात दिलं. पहिल्याच फेरीला नळीतून पाणी नाकातोंडात गेलं आणि मी खोकत पायऱ्यांवर आले. जाऊ म्हणाली, "आक्का, नको ना पर." मी परत उतरले. चौथ्या दिवशी श्वास जमला. नाकानं श्वास घ्यायचा नाही, एवढंच शिकायचं असतं, पण अठ्ठावन्न वर्षांची सवय मोडायची म्हणजे खायचं काम नाही. विहिरीच्या तळाशी मला हिरवट दगड आणि एक फुटकी बादली दिसली. तरीसुद्धा वर आल्यावर मी हसत होते.

दोन दिवसांत वाडीभर झालं. बाई डोक्यावर परिणाम झाल्यासारख्या विहिरीत उलट्या पडून राहतात. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, कारण निम्म्या वाडीनं माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत.

खरी अडचण मीच करून ठेवली होती. भातं झोडून झाल्यावर, डिसेंबरात आम्ही तारखा ठरवल्या. नवी दिनदर्शिका अजून भिंतीवर यायची होती. आमच्या देवाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. आदल्या चैत्रात ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागं येते, म्हणजे यंदा मार्चअखेर, असा मी तोंडी हिशोब केला आणि लेकीला एप्रिलचा चौथा आठवडा सांगून टाकला. परवाना त्या तारखांचा, लेकीची रजा त्या तारखांची, छोट्या विमानातल्या जागा त्या तारखांच्या. जानेवारीत जावेनं नव्या दिनदर्शिकेवर यात्रेला लाल गोल केला तो नेमका आमच्या आठवड्याच्या मधोमध.

मध्ये अधिक महिना येऊन गेला होता. धोंड्याचा महिना! मीच लेकीला-जावयाला धोंडे जेवण घातलं होतं. तेहेतीस अनारसे मीच तळले होते. वाण द्यायला मात्र जावेला पुढं केलं होतं, तशी आमच्यात रीत. अधिक महिना आला की पुढची यात्रा मागं येत नाही, उलट जवळजवळ वीस दिवस पुढं जाते, हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. चंद्र पृथ्वीभोवती किती दिवसांत फिरतो हे एकतीस वर्षं शिकवणारी बाई अनारसे तळून विसरली.

आता त्या यात्रेचं सांगायला हवं. संध्याकाळी पालखी निघते आणि आमच्या दारात थांबते. तो आमच्या घराचा मान. घरातल्या थोरल्या सुनेनं उंबऱ्याबाहेर येऊन देवाला ओवाळायचं आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षं मी ओवाळलं. मालक गेले त्या वर्षी, पालखी वळणावर आली तेव्हा चुलत सासूबाईंनी माझ्या हातातलं ताट काढून जावेच्या हातात दिलं आणि मला डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. मी गेले. आतून ताशा ऐकला. ताट मी तसंच सोडून दिलं, याची मला आजही लाज वाटते.

ताट गेलं, पण पुरण माझ्याकडंच राहिलं. पाव्हणे, लेकीबाळी, पालखीवाले, सगळ्यांच्या मिळून शंभरावर पोळ्या मी करायच्या. कारण माझी पोळी फुटत नाही. देवाला विधवेच्या हातचं ओवाळणं चालत नव्हतं आणि हातचं पुरण चालत होतं. सात वर्षं मी हे चालवून घेतलं.

म्हणून लाल गोल बघितल्यावर मी तारीख बदलली नाही. बदलताही आली नसती, मेच्या मध्यावर समुद्र खवळतो आणि तिकडचं सगळं बंद होतं. पण खरं सांगायचं तर बदलता आली असती तरी मी बदलली नसती. जावेला म्हटलं, मी नसणार. ती घाबरली, पण "मला पुरण वाटायला शिकवा" एवढंच म्हणाली. तीन रविवार आम्ही पोळ्या केल्या. तिच्या कडा जाड व्हायच्या. मी म्हटलं, देव काठ मोजत नाही.

बाकी तयारी जोरात चालली होती. इंद्रायणीच्या दोन पुरचुंड्या, नाचणीचे पापड, घरमालकिणीसाठी खणाचं कापड. लेकीनं पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख आणला. तो घालून मी आरशासमोर उभी राहिले आणि माझे मलाच दंड चांगले वाटले. अंगण झाडत झाडत मी नाकाऐवजी तोंडानं श्वास घेण्याचा सराव करायचे.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी भावकी ओसरीवर जमली. दीर, त्यांचे दोन चुलते आणि त्या चुलत सासूबाई. विषय यात्रेचा होता, म्हणजे माझा. चुलत्यांनी आधी गोडीनं घेतलं. समुद्र काय पळून जातोय का, असं विचारलं. मग वय काढलं, मग लोक काय म्हणतील ते काढलं. एकानं तर विहिरीचंही काढलं. मी सुपारी कातरत सगळं ऐकलं. शेवटी दीर बोलले. ते मनानं वाईट नाहीत. मालकांच्या आजारपणात त्यांनी रात्री जागून काढल्या आहेत. म्हणून त्यांचं बोलणं मला जास्त लागलं.

"वैनी, घरातली थोरली बाई यात्रंला घरात न्हाई म्हणल्यावर पालखी दारात कशी थांबायची? मान जाईल आपला."

मी अडकित्ता खाली ठेवला.

"भावजी, थोरली मी हाय ना? मग पालखी आल्यावर उंबऱ्याच्या भाईर यिऊन म्याच ओवाळणार. तुमी व्हय म्हना. मी आत्ता, हितं बसल्या बसल्या लेकीला फोन करून तिकिटं मोडते."

मोबाईल मी हातात घेतला होता. धमकी म्हणून नाही. ते हो म्हणाले असते तर मी बेट सोडलं असतं. परवाना, पोशाख, विहिरीतला तो खोकला, सगळं सोडून मी उंबऱ्याबाहेर ताट घेऊन उभी राहिले असते आणि आनंदानं राहिले असते. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच होतं. मला दोन्ही हवं होतं. त्यातलं एक तरी त्यांच्या हातून मिळावं, असं मला फार वाटत होतं.

दीर चुलत्यांकडं बघू लागले. चुलते सासूबाईंकडं. सासूबाईंनी पदर सारखा केला. दाराच्या आतून जाऊ म्हणाली, "माझी काय बी हरकत न्हाई. ताट आक्कांचंच हाय." तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिच्याकडं कुणी बघितलंही नाही.

मी वाट पाहिली. अंगणात कोंबड्या तांदळाच्या कण्या टिपत होत्या, त्यांनी सगळ्या टिपून संपवल्या. एका बाईनं आरतीचं ताट धरायचं, एवढ्यालाच त्या चार माणसांना हो म्हणता आलं नाही.

"तुमचा मान तुमी सांबाळा," मी म्हटलं. "बोलवायचं झालं तर ताटाला बोलवा. पोळ्यांना मी न्हाई."

मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि बॅग काढली. सात वर्षांपूर्वी मला ज्या खोलीत धाडलं होतं, तीच ही खोली. दार मी सताड उघडं ठेवलं, आणि ओसरीवरच्या सगळ्यांना दिसेल असं, सावकाश घड्या घालत, सामान भरायला बसले.